एका गांवाचें नांव

आजच्या भाषणाचा विषय एक तांबडी द्राक्षमदिरा आहे, हें ऐकून घरोघरच्या वडील मंडळींनीं भुंवया उंचावल्या असतील. त्यांच्या समाधानासाठीं आरंभींच सांगतों कीं, या मदिरेचा एक थेंबही मीं कधीं चाखलेला नाहीं, व तिची शिफारस करण्याचाही माझा हेतु नाहीं. माझें कुतूहल आहे तें तिच्या नांवाविषयीं. जन्मभर भूगोल शिकविलेल्या माणसास एखाद्या गांवानें आपल्या नांवासाठीं केलेला झगडा मदिरेहून अधिक चढतो!

फ्रान्सच्या दक्षिणेस, ऱ्होन नदीच्या कांठीं, आव्हिन्यों शहराच्या उत्तरेला शातोनफ-द्यु-पाप नांवाचें लहानसें गांव आहे. नांवाचा अर्थ 'पोपची नवी गढी'. १३०९ पासून १३७७ पर्यंत पोपांचें पीठ रोम सोडून आव्हिन्यों येथें होतें. त्यांपैकीं बाविसावे जॉन यांनीं या टेकडीवर गढी बांधविली. १९४४ च्या ऑगस्टांत जर्मन सैन्यानें तिच्या बुरुजाला सुरुंग लावला. त्याचा अर्धा भाग तेवढा आज उभा आहे.

येथील कित्येक मळे पाहून आपला शेतकरी कपाळास हात लावील. माती दिसतच नाहीं. दिसतात ते नारळाएवढाले, नदीनें घोटून गुळगुळीत केलेले गारगोटीचे धोंडे. दिवसा ते उन्हानें तापतात आणि रात्रीं ती ऊब वेलींना परत देतात. सगळीकडे धोंडेच आहेत असें मात्र नव्हे. कोठें वाळू आहे, कोठें चुनखडी. नाशिककडे द्राक्षवेल मांडवावर चढवितात. येथें ती जुन्या पद्धतीनें बुटक्या झुडुपासारखी राखतात, कारण उत्तरेकडून येणारा मिस्त्राल नांवाचा सोसाट्याचा वारा मांडव टिकूं देणार नाहीं. तोच कोरडा वारा घडांना बुरशीपासून वांचवितो.

मळ्यांतील मुख्य जात ग्रनाश. ती मूळची स्पेनची मानतात. अवर्षण व वारा ती सोसते, उशिरां पिकते, आणि पिकते तेव्हां अतिशय गोड होते. आंबतांना याच साखरेचा मद्यार्क होतो. म्हणून तिची मदिरा जोरकस. पण रंग फिका, आणि हवा लागली कीं लवकर उतरते. यास्तव तिच्या जोडीस रंगासाठीं सिरा व टिकाऊपणासाठीं मुर्व्हेद्र या जाती घालतात.

तिचा जोर हेंच गांवाचें दुर्दैव ठरलें. उत्तरेकडील बर्गंडीचे व्यापारी पिंपेंच्या पिंपें विकत घेऊन आपल्या पातळ मदिरेंत मिसळीत. गांवाचें नांव कोठेंच उरत नसे. १८६० नंतरच्या दशकांत फिलॉक्सेरा या मुळें खाणाऱ्या किडीनें मळे उजाड केले. अमेरिकन वेलींच्या खुंटांवर कलमें बांधून ते पुन्हां उभे राहिले, तोंच परक्या मालावर गांवाचें नांव चिकटविणारे पुढें सरसावले. कोंकणांतील हापुसवाल्यांना हें दुःख नव्यानें समजावून सांगावयास नको. त्यांच्या आंब्याला भौगोलिक चिन्हाचें संरक्षण २०१८ मध्यें मिळालें.

१९२३ मध्यें येथील मळेवाले बॅरन ल र्‍वा यांजकडे गेले. हे गृहस्थ कायद्याचे पदवीधर व पहिल्या महायुद्धांतील वैमानिक. 'नेतृत्व करीन, पण आधीं तुम्हीं स्वतः शिस्त पाळा,' अशी त्यांची अट होती. मला या हकीकतींत सर्वांत मोलाचें वाटतें तें हेंच. दुसऱ्याची चोरी पकडण्यापूर्वीं यांनीं आपल्याच हातांस बेडी घातली. जेथें लव्हेंडर व थाइम हीं रुक्ष जमिनींतील झुडुपें उगवतात, तेवढीच जमीन द्राक्षांस योग्य, अशी सीमा त्यांनीं सुचविली. कसदार जमीन मुद्दाम वगळली! ठराविक जातीच लावावयाच्या. घड निवडून वाईट ते टाकून द्यावयाचे. रसांत साखर मिसळावयाची नाहीं. मद्यार्क शेंकडा साडेबारांहून कमी नको. प्रकरण न्यायालयांत गेलें व वर्षानुवर्षें रेंगाळलें. अखेर १९३५ मध्यें देशभर लागू होणारा कायदा झाला, आणि १५ मे १९३६ रोजीं या गांवाच्या नांवाला त्या कायद्याखालीं संरक्षण मिळालें.

याच गांवच्या नगराध्यक्षांनीं १९५४ मध्यें उडत्या तबकड्यांना मळ्यांत उतरण्याची मनाई करणारा हुकूम काढला होता. सीमेची काळजी किती दूरवर जाते पहा!

आतां मात्र संकट निराळें आहे. ज्यांनीं साडेबारांची किमान मर्यादा घातली, त्यांना ती गांठणें हीच कसोटी वाटत होती. आज उन्हाळे तापले आहेत. ग्रनाश चौदा-पंधरापर्यंत सहज जाते, आणि तोडणी दिवसेंदिवस लवकर करावी लागते. जोर कसा वाढवावा हा प्रश्न राहिला नाहीं, तो आवरावा कसा हा आहे. त्यासाठीं कित्येक मळेवाले त्याच जुन्या नियमांनीं मान्य केलेल्या, पण मधल्या काळांत मागें पडलेल्या कूनोआज, सँसो अशा हलक्या जातींकडे पुन्हां वळूं लागले आहेत.