लांब मानेचे प्रयोजन

(अच्छाड येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



डायनोसॉरचे चित्र दाखविताच मूल विचारते, "याची मान एवढी लांब का?" उंच झाडांचा पाला खाण्यासाठी, हे आपले ठरलेले उत्तर. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे.

माळावर खुंटाला बांधलेली शेळी पाहा. दावे दुप्पट लांब केले की तिला चौपट जागेतील चारा मिळतो. त्या महाकाय प्राण्याचे धड हा खुंट आणि मान हे दावे. कित्येक टनांचा देह पावलोपावली हलविण्यापेक्षा उभ्या जागी मान फिरविणे त्याला कमी श्रमाचे होते. ज्यांची मान जन्मतःच किंचित लांब, त्यांचे पोट अधिक भरे व वंश अधिक वाढे. ताणून ताणून मान लांब झाली, असे मात्र वर्गात कृपया सांगू नये.

एवढी मान पेलली कशी? हे प्राणी पाला न चावताच गिळीत, म्हणून डोके लहान राहिले. मणक्यांतही हवेच्या पोकळ्या होत्या. जिराफाच्या मानेत मणके ७, यांच्यापैकी काहींच्या मानेत १९ पर्यंत!

याच गटातील एका प्राण्याचे अवशेष आपल्या राज्यात, चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावी सापडले. त्यांचे वर्णन १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्याच जिल्ह्यातील पिसदुरा येथील अश्मीभूत विष्ठेत, जी बहुधा अशाच प्राण्यांची असावी, ताडाच्या कुळातील वनस्पतींबरोबर गवताचेही अंश असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. अर्थात मान खालीही वळत असली पाहिजे.

शाळेच्या अंगणात चौकटी आखून, आधी एक हात व मग दोन हात दोरीने वर्तुळे काढावीत आणि आतील चौकटी मुलांकडूनच मोजवून घ्याव्यात.