रिकामा वड

कल्याणला आमच्या सोसायटीमागे एक जुना वड आहे. पूर्वी त्यावर दिवसभर वटवाघळं लटकलेली असत, वाळत घातलेल्या काळ्या छत्र्यांसारखी. मगरिबची अजान झाली की एकेक छत्री उघडे आणि खाडीच्या दिशेनं निघून जाई.

गाड्यांवर घाण पडते, म्हणून फांद्या छाटण्याचा विषय निघाला. त्या महिन्यात झाड रिकामं होतं. ‘गेली ती कायमची,’ कुणीतरी म्हणालं. अर्जावर मीही सही केली.

नंतर वाचनात आलं की, आपलं हे मोठं फळखाऊ वटवाघूळ वर्षभर एकाच झाडाला धरून राहीलच असं नाही. वड-उंबर कुठं पिकले, फुलोरा कुठं आला, त्याप्रमाणे थवे वाढतात, ओसरतात. आफ्रिकेत झांबियातल्या कासांका इथं दर ऑक्टोबर ते डिसेंबर लाखो वटवाघळं फळांसाठी जमतात आणि पांगतात. युरोपातलं एक सात-आठ ग्रॅमचं वटवाघूळ तर लॅटव्हियाहून स्पेनला, २,२०० किलोमीटरहून अधिक गेल्याची नोंद आहे.

ही सवय आली कुठून? वटवाघळांच्या सर्वांत मोठ्या कुळाचा वंशवृक्ष तपासून संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की, स्थलांतर एकाच पूर्वजाकडून वारशानं आलेलं नाही. एका जागी राहणाऱ्यांच्याच वंशात, वेगवेगळ्या शाखांत, ते पुनःपुन्हा नव्यानं उपजलं. म्हणजे जाणारे आणि राहणारे एकाच घरचे!

मला अब्बा आठवले. दर पावसाळ्यात ते भातलावणीला कोकणात गावी जात. इथल्या खोलीला कुलूप असे. पण तिला कुणी ‘रिकामी’ म्हटलं नाही. त्यांच्या परतण्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं ‘उपद्रवी’ यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादीच गेली. आपल्या मनातली मात्र अजून जायची आहे.

पुढच्या मोसमात ती परतली. पहाटे नमाजाला उठलो, तर छाटलेल्या वडाभोवती घिरट्या चालल्या होत्या. तीन पहाटा ती आली. चौथ्या पहाटे आली नाहीत.

वड आता पुन्हा फुटतोय. कुठलंही झाड ‘रिकामं’ आहे असं कुणी म्हणालं, की मी एवढंच विचारतो, ‘कुठल्या महिन्यात पाहिलंत?’