रातभराचं नाटक आणि टपाल तिकिटाएवढं कार्ड



दिवाळी उलटली की आपल्या झाडीपट्टीतल्या वडशातून नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगावी निघतात. दिवसा मंडईची जत्रा नाहीतर शंकरपटातली बैलांची शर्यत, रात्री नाटक. पडदा उघडतो दहाच्या पुढं आणि पडतो कोंबडं आरवायच्या सुमाराला. २०२३ साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीचं नाव देशभर गेलं. त्याच रंगभूमीच्या मंडपात स्टँडवर कॅमकॉर्डर लावून रात्र जागवणाऱ्या पोरांशी मला आज बोलायचं आहे. कंपनीची परवानगी घेतलीत ना? मग बसा.

पहिला प्रश्न जागेचा. पूर्वी मिनी डीव्ही कॅसेट तासाभरात संपायची, आणि ती बदलेपर्यंत एखादा संवाद निसटायचा. आता टपाल तिकिटाएवढं कार्ड आलं. पण हिशेब चुकला की तेही दगा देतं. हाय डेफिनिशन कॅमकॉर्डर चांगल्या दर्जावर ठेवला, तर सेकंदाला सुमारे ३ मेगाबाइट लिहितो. तासाला जवळपास ११ गिगाबाइट झाले. म्हणजे ३२ गिगाबाइटचं कार्ड तीन तासही पुरत नाही. दोन कार्डांत जेमतेम पावणेसहा तास मावतात, आणि आपलं नाटक तिथंच रंगात आलेलं असतं. तिसरं कार्ड खिशात हवंच.

कार्डावर गोलात १० हा आकडा बघून घ्या. सेकंदाला निदान १० मेगाबाइट लिहिण्याची ती हमी. नकली कार्डावर आकडा असतो, हमी नसते. म्हणून नवं कार्ड थेट प्रयोगाला नेऊ नका, घरी एकदा काठोकाठ भरून पाहा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कार्डावरच्या जुन्या मांडणीत ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही. त्यामुळं अखंड चाललेल्या चित्रणाचे कॅमेरा आपणच तुकडे करतो. यातल्या सुट्या फाइली उचलून नेल्या, की कधीकधी सांध्यावर ऑर्गनचा सूर तुटतो. पूर्ण फोल्डर जसंच्या तसं उतरवा. लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड ओढू नका, तेव्हा लिहिणं चालू असतं. बॅटरीही संपेपर्यंत ताणू नका. क्लिप नीट बंद झाली नाही, तर ती पुढं उघडेलच असं नाही.

माझ्या हातून एक प्रयोग गेला. पहाटे घरी आलो, दुपारी लग्नाचं शूटिंग होतं. घाईत तेच कार्ड फॉरमॅट केलं. तिथंच थांबलो असतो, तर सॉफ्टवेअरनं बरंचसं परत मिळालं असतं, कारण फॉरमॅटनं बहुधा फक्त यादी पुसली जाते. मी मात्र त्यावर हळद आणि वरात चढवली. त्या रात्रीचं विनोदी पात्राचं आयत्या वेळचं बोलणं कुठल्याच संहितेत नव्हतं. ते फक्त त्या कार्डावर होतं.

तेव्हापासून कार्ड भरलं की त्याच्या कडेची छोटी कळ लॉककडं सरकवतो. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय ती उघडत नाही. आणि प्रयोग संपला की लगेच निघत नाही. कलाकार रंग पुसत असतात, तिथं वही घेऊन बसतो. गाव, तारीख, नाटक, कोणी कोणती भूमिका केली, ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण. हे सगळं विचारून घेतो आणि फोल्डरच्या नावासोबत लिहून ठेवतो.