नाणेघाटात एक दिवस

श्रोतेहो, गेल्या फाल्गुनात मी नाणेघाट चढून आलो. यात सांगण्याजोगे काय, असे मुरबाड तालुक्यातले श्रोते म्हणतील. तुमच्या गुराख्यांची ही रोजची वाट! पण मी पडलो कल्याणचा प्राध्यापक. सकाळी वर्गात, दुपारी संगणकापुढे आणि रात्री हातात मोबाईल, असा माझा दिनक्रम. अलीकडे उत्तरपत्रिकासुद्धा पडद्यावरच तपासाव्या लागतात. डोळे चुरचुरू लागले तेव्हा डॉक्टरांनी थेंब दिले आणि म्हणाले, "जरा लांबचे बघत जा." लांबचे म्हणजे किती लांबचे, हे काही त्यांनी सांगितले नाही. म्हणून मी आपला सह्याद्रीच गाठला.

पहाटेच्या एस.टी.ने मुरबाड, टोकावडे करीत वैशाखऱ्याला उतरलो. बरोबर माझा एक जुना विद्यार्थी होता. तो आता त्याच भागात एका पाड्यावर शिक्षक आहे. मी फोन बंद केला आणि पिशवीच्या तळाशी भाकरीखाली घातला. (घरी ठेवून मात्र जाऊ नये हो! पाय मुरगळला तर हाक मारायला तोच उपयोगी पडतो. कुठे जातो, केव्हा येतो, हेही घरी सांगून निघावे.) पहिला अर्धा तास माझा हात सारखा खिशाकडे जात होता. गाय विकल्यावरही माणूस चार दिवस पहाटे उठून गोठ्याकडे वळतो ना, तसाच हा प्रकार.

वाटेत मोहाचे झाड लागले. खालचा पाचोळा झाडून जागा स्वच्छ केलेली, आणि एक आजीबाई टोपलीत फुले वेचीत बसलेल्या. मी आपले शहाण्यासारखे विचारले, "ही फुले झाडावरून तोडत नाहीत का?" त्यांनी वरही पाहिले नाही. म्हणाल्या, "गप उभं र्‍हावा गुर्जी, मंग कळंल." आम्ही उभे राहिलो. थोड्या वेळाने टप्प असा आवाज झाला. मग दुसरा. रात्रभर पिकलेली फुले पहाटेपासून आपण होऊन गळत होती. इतका बारीक आवाज मी किती दिवसांनी ऐकला, हे मला आठवेना. पुढे चढावर तांबट पक्ष्याचे टुक्‌टुक् सुरू झाले, तेही मला कोणी न दाखवता ऐकू आले.

माथ्याजवळ ती प्रसिद्ध लेणी आहे. सुमारे 2000 वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या राज्यात, जुन्नर आणि कल्याण-सोपारा यांच्यामधला व्यापार या घाटाने चाले. ओझ्याचे बैल आणि माणसे इथे टेकत असतील. नागनिका राणीने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची यादी ब्राह्मी लिपीत भिंतीवर कोरलेली आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींच्या मूर्ती होत्या. आज वर नावे राहिली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. मी नेहमीप्रमाणे चटकन छायाचित्र घेतले असते आणि पुढे गेलो असतो. त्या दिवशी तासभर बसून एकेक अक्षर पाहिले. बाहेर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, असे सांगतात.

तिथे भाकरी सोडली तेव्हा माझा विद्यार्थी हसत म्हणाला, "सर, तुम्ही फोन बंद करायला डोंगर चढलात. 2020 साली टाळेबंदीत आमची पोरं फोन लागावा म्हणून टेकडी चढत होती." मी घास हातात धरून तसाच बसलो. आजही त्याच्या पाड्यावर धड रेंज नाही. शाळेची माहिती भरायची तर त्याला उंचवट्यावरच्या एका आंब्याखाली जाऊन उभे राहावे लागते. तिकडे शहापूरकडेही असलेच कोडे आहे. तानसेच्या काठी शहरातली माणसे शांतता शोधीत जातात. 1892 सालापासून ते पाणी मुंबईला जाते, आणि आज मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा भातसेचा आहे. पण त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. पाहुण्याने डोळ्यांवरचा पडदा काढायचाच, तर झाडाबरोबर हंड्यांची ती रांगही पाहिली पाहिजे. नुसत्या हिरवळीला भुलून परत जाणे मला तरी अर्धवट वाटते.

खेड्यातल्या श्रोत्यांना हे सारे शहराचे दुखणे वाटेल. पण जिथे रेंज आली, तिथे पारावरही माना खाली गेल्याच ना? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने यावर 2022 साली एक उपाय काढला. संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघर टी.व्ही. आणि मोबाईल बंद. मग 8.30 पर्यंत मुलांचा अभ्यास, मोठ्यांच्या गप्पागोष्टी. त्यासाठी कोणाला डोंगर चढावा लागला नाही.

शिक्षकमित्रहो, तुमच्या शाळेमागे तर डोंगर आयताच उभा आहे. शहापूरच्या मुलांना माहुली रोज दिसते, पण शहाजीराजांनी 1636 साली तिथे शेवटची झुंज दिली हे किती जणांना ठाऊक असते? एखाद्या सकाळी मुलांना घेऊन नुसते बाहेर पडा. अहवाल नको, वर पाठवायचे फोटो नकोत. वाट मुलांनाच दाखवू द्या. कोणत्या झाडाला काय म्हणतात, हे माझ्या विद्यार्थ्याला त्याच्या चौथीतल्या पोरांनी शिकवले, असे तोच मला सांगत होता.

तिन्हीसांजेला वैशाखऱ्याच्या थांब्यावर मी फोन चालू केला. 53 निरोप साठले होते. एकामागून एक वाचले. उत्तर द्यावे असा त्यांत एकच निघाला. घरून विचारले होते, "जेवायला येणार ना?" समोरच्या वळणावर एस.टी.चे दिवे दिसत होते. मी "हो" असे लिहिले आणि पिशवी उचलली.