तांब्याची फळी नीट कशी कापावी?

रेडिओचे मागील झाकण काढले, तर आत एक पातळ फळी दिसते आणि तिच्यावर तांब्याच्या रेघा उमटलेल्या असतात. हाच मुद्रित सर्किट बोर्ड. व्हिएन्नाचे अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये अशा फळीवर रेडिओ बांधला. आज अनेक हौशी तरुण अशा फळ्या घरीच करतात. रेघा सुबक उमटतात. परंतु कापताना कड फुटते, तांबे उचलते आणि दोन संध्याकाळींचे श्रम वाया जातात. महागडे यंत्र नसले, तरी हे टाळता येते.

प्रथम फळीचा स्वभाव ओळखावा. पिवळसर तपकिरी फळी बहुधा कागद व फिनॉलिक राळ यांची असते. ती ठिसूळ असते. फिकट हिरवट फळी काचतंतू व इपॉक्सी यांची. ती चिवट असते. पत्रा कापायची कात्री दोहींनाही वर्ज्य समजावी. कात्री फळीला वाकविते, त्यामुळे आतील थर एकमेकांपासून सुटतात.

सरळ कापासाठी कोरून मोडण्याची रीत उत्तम. हॅकसॉच्या मोडक्या पात्याचे टोक घासून आकड्यासारखे करावे. फळी घट्ट बांधून पोलादी पट्टीच्या आधाराने पहिल्या दोन-तीन रेघा हलक्या हाताने ओढाव्यात, मग जोर वाढवावा. गुण्या लावून तीच रेघ मागील बाजूसही बरोबर समोरासमोर कोरावी. फळी वाकविताना सारा ताण वरच्या व खालच्या थरांवर येतो. ते आधीच तुटलेले असले, की फळी रेघेवरच मोडते. रेघ टेबलाच्या कडेवर आणून वरून लाकडी पट्टी दाबावी आणि एका झटक्यात मोडावी.

अरुंद पट्टी किंवा वळणदार आकार असेल, तर करवतच हवी. नेहमीची फळी १.६ मिलिमीटर जाडीची असते. तिला इंचास ३२ दात असलेले पाते घ्यावे. तांब्याची बाजू वर ठेवावी, रेघेबाहेर थोडी जागा सोडावी आणि उरलेला भाग कानशीने उतरवावा. कानस तांब्याकडून फळीकडे चालवावी. उलट चालविल्यास तांबे उचलते. हे सारे काम सुटे भाग झाळण्यापूर्वी उरकावे, नाही तर सांधे दुखावतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. काचतंतूंची भुकटी त्वचेला, डोळ्यांना व घशाला बोचते. म्हणून कड पाणी लावून घासावी, नाकातोंडावर धुळीचा मुखवटा व डोळ्यांवर चष्मा असावा. भुकटी फुंकू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. आणि हे काम स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या अंथरुणापाशी कधीही करू नये. फळी बिघडली, तर दुसरी आणता येते. डोळे आणि फुप्फुसे मात्र बाजारात मिळत नाहीत.