टॅली
(चांदूर रेल्वे इथल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत पोती वाहतो. जहाजावरची मोजणी आन् शेडातली मोजणी जुळली नाही, तर पहिला संशय हमालावर. म्हणून टॅली करायची सवय हाडात मुरली. तीच मी पुस्तकाला लावली.

१९८७ साली महाराष्ट्र सरकारनं बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड काढला, 'रिडल्स इन हिंदुइझम'. संपादक वसंत मून. त्यात एक परिशिष्ट, राम आणि कृष्णाचं कोडं. शिवसेना, मराठा महासंघ उठले : काढा ते! जानेवारी १९८८ मध्ये आपल्या अमरावतीत प्रत जाळली. हे लांब कुठं नाही घडलं, आपल्याच जिल्ह्यात घडलं. सरकार परिशिष्ट गाळायला निघालं. फेब्रुवारीत आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली, तेव्हा सरकार वाकलं. परिशिष्ट राहिलं, पण त्याला एक टीप चिकटली.

माझ्याकडं नंतरच्या छपाईची प्रत. इथल्या एका मास्तरांकडं पहिली. काल रात्री दोघं बसलो. त्यांनी मोठ्यानं वाचायचं, मी ओळीवर बोट ठेवायचं. माझं इंग्रजी अडखळतं, पण बोट अडखळत नाही. शंबूक तिथंच. वाली तिथंच. सीता तिथंच. बोट थांबलं ते टिपेवर : या प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही.

मास्तर म्हणाले, "एवढंच ना? जाऊ दे बाबू."

काहून जाऊ द्यायचं सर? ज्याच्याजवळ फक्त पहिली प्रत, त्याला ही लढाई दिसत नाही. ज्याच्याजवळ फक्त दुसरी, त्याला वाटतं टीप पहिल्यापासूनच होती. दोन्ही शेजारी ठेवल्या की कळतं, कोणी काय जाळलं, कोणी काय राखलं आन् सरकारनं कुठं अंग काढून घेतलं. ती टीप खोडूही नका. तो घावाचा वण आहे, पुरावा आहे.

पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या पोथ्या ओळीओळीनं ताडल्या. १९१९ ला सुरू झालेलं काम १९६६ ला पुरं झालं. त्याला विद्वत्ता म्हणतात. बाबासाहेबांनी याच परिशिष्टात वाल्मीकीच्या रामायणाशेजारी बौद्ध रामायण ठेवलं. तिथं सीता दशरथाची लेक, रामाची बहीण. ताडून पाहणं तेच. पण ताडणारा हात आपला निघाला, तर पुस्तकाला काडी लागते.

म्हणून सांगतो, फोटो आन् पुतळा तर आहेच, पण खंड उघडा. आधी छपाईचं साल पाहा. दोन प्रती मिळवा, दोघं बसा, एक वाचेल, एक बोट ठेवेल. फरक सापडला की वहीत पान, ओळ, साल लिहा. माल आपला आहे. त्याची मोजणी दुसऱ्याच्या हाती देऊ नका.

जय भीम.