माझ्यामागे ह्यांचे कोण?
(विजयदुर्ग येथे बायकांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. मृत्युपत्र, आणि तेही कुत्र्या-मांजरांसाठी, शेळ्यांसाठी! बाईच्या नावावर घर नाही तिथे हे श्रीमंती चोचले कशाला, असे एकीने विचारलेही. प्रश्न रास्त आहे. पण हा विषय मला श्रीमंतांकडे बघून सुचलेला नाही. देवगड तालुक्यातल्या वाड्यांवर फिरताना एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया भेटतात. मुलगे, पुतणे मुंबईला. ते येतात गणपतीला आणि आंब्याच्या दिवसांत. बाकी वर्षभर सोबत कोणाची, तर एक गाय, दोन शेळ्या, पडवीत झोपणारा कुत्रा. आजारपणाचा विषय काढला की ह्या बाया स्वतःबद्दल बोलत नाहीत. ‘माज्या मागे ह्येंका कोण बघतलो?’ एवढेच विचारतात.

हा भाबडेपणा नाही. जन्मभर ज्यांचे केले, त्यांची पुढची सोय लावणे ही जबाबदारीची जाणीव आहे. पुरुषाने बागायतीची व्यवस्था लावली की आपण त्याला दूरदृष्टी म्हणतो.

कायदा काय म्हणतो? कायद्याच्या नजरेत जनावर म्हणजे जंगम मालमत्ता, भांड्याकुंड्यांसारखी. त्यामुळे कुत्र्याच्या नावे पैसे ठेवता येत नाहीत. अमेरिकेत पाळीव प्राण्यासाठी विश्वस्तनिधी करता येतो; आपल्या १८८२ च्या कायद्यात लाभार्थी तोच, ज्याला स्वतः मालमत्ता बाळगता येते. बाई गेली की तिची जनावरे तिच्या वारसांची होतात. आणि वारस कोण, इथेच खरी मेख आहे.

हिंदू वारसा कायदा १९५६, कलम १५. नवरा आणि मूलबाळ मागे नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेलेसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. (माहेरून वारशाने आलेले तेवढे वडिलांच्या वारसांकडे परत जाते.) नारायणीदेवीचा खटला लक्षात ठेवा. १९५५ साली लग्न, तीन महिन्यांत वैधव्य, सासरच्यांनी घराबाहेर काढले. माहेरी राहून ती शिकली, नोकरी केली, आणि १९९६ साली गेली. मृत्युपत्र नव्हते. आईने हक्क सांगितला होता, तरी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची कमाई दिली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना! कलम अजून तसेच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हिंदू स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले.

म्हणजे ज्या पुतण्याने शेळीपुढे कधी पाला टाकला नाही तो तिचा मालक, आणि रोज धार काढणाऱ्या शेजारणीचा हक्क शून्य. पुतण्या शेळ्या विकून मोकळा होईल. कुत्र्याला उपाशी सोडून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे खरा, पण तक्रार करायला कोण जाणार?

रतन टाटा ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. त्यांच्या मृत्युपत्रात टिटो ह्या कुत्र्याची सोय आहे, हे वर्तमानपत्रांत आले. त्या बातम्यांप्रमाणे सांभाळ घरातल्या स्वयंपाक्याकडे दिला आणि पाळीव प्राण्यांच्या खर्चासाठी १२ लाख रुपये ठेवले. रक्कम सोडून द्या, रीत बघा. सांभाळणाऱ्याचे नाव लिहिले आणि त्याला खर्च दिला. हे पोस्टातल्या पाच हजारांनीही करता येते.

आता कळीची गोष्ट. आपल्याकडे सांभाळणारी पुन्हा बाईच असणार. ‘तुझा जीव आहे ना तिच्यावर’ असे म्हणून आपल्याला घरात फुकट राबवले गेले. तेच आपण शेजारणीवर लादायचे? तिला आधी विचारा. ती नको म्हणाली तर राग धरू नका. हो म्हणाली तर गाय तिच्या नावे लिहा. गवत, पेंड, डॉक्टर ह्यांचा हिशेब धरून पैसे किंवा कानातल्या कुड्याही लिहा. ‘सांभाळ करावा’ ही नुसती विनंती झाली. ‘सांभाळ केला तर हे तिचे, नाहीतर अमकीचे’ अशी अट घाला. तिथे मात्र वकिलाचा सल्ला घ्या.

बाकी काम सोपे आहे. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, मराठीत लिहिले तरी पुरते. तुमची सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांसमोर व्हावा, आणि त्यांनी तुमच्यासमोर सह्या कराव्यात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण भाऊबंदकी असेल तर दुय्यम निबंधकाकडे करून घ्या. मन बदलले तर मृत्युपत्रही बदलता येते. समाईक घरातला आपला हिस्सा देता येतो. बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही ध्यानात असू द्या. आपल्यातल्या मुसलमान बहिणींचे नियम वेगळे: वारसांची संमती नसेल तर त्यांना एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. गाय-शेळीसाठी तेवढे पुष्कळ झाले.

आणि एक. मृत्युपत्र बाहेर निघते बाराव्या-तेराव्यानंतर. गाईची धार त्याच संध्याकाळी काढावी लागते. म्हणून कागद पेटीत ठेवा, पण बोलणे चारचौघींत करा. गोठ्याची चावी जिच्याकडे द्यायची तिच्याकडे आजच द्या. कोणती शेळी गाभण, कुत्र्याला कोणते औषध, हे तिला सांगून ठेवा.

मी कोरे कागद आणले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळपर्यंत इथेच बसून आहे.